विश्लेषण : ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं ‘किंग्ज लँडिंग’ प्रत्यक्षात कुठे आहे? त्या शहराला पर्यटकच जड का झाले?

‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटचा भाग २०१९ मध्ये प्रसारित झाला. तरीही सर्सी लॅनिस्टरची धिंड ज्या पायऱ्यांवरून निघाली, तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी हटलेली नाही. या पायऱ्या आहेत क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिक शहरात. मालिकेनं या शहराला जगभर नेलं. मात्र त्याची किंमत मोजतायत तिथले रहिवासी.

कोणत्या जागा पाहता येतात?

पहिल्या सीझनमधलं ‘किंग्ज लँडिंग’ माल्टात चित्रित झालं होतं. दुसऱ्या सीझनपासून ही राजधानी डुब्रोव्हनिकमध्ये आली. समुद्रालगतच्या कड्यावरचा लोव्हरियेनाट्स किल्ला म्हणजे ‘रेड कीप’. त्याच्या पायथ्याचा छोटा धक्का म्हणजे ‘ब्लॅकवॉटर बे’. धिंडीचा प्रसंग सेंट इग्नेशियस चर्चसमोरच्या जेझुइट पायऱ्यांवर चित्रित झाला. तटबंदीवरचा मिंचेता बुरूज डेनेरिसच्या कथानकात दिसतो. जुन्या बंदरातून बोटीनं लोक्रुम बेटावर गेलं, की तिथल्या जुन्या मठात लोखंडी सिंहासनाची प्रतिकृती आहे.

पडद्यावरचं सगळं तिथे दिसतं का?

नाही. ‘रेड कीप’चे उंचच उंच मनोरे संगणकावर जोडलेले आहेत. सिंहासनाचा दरबार बेलफास्टच्या स्टुडिओत होता. शेवटच्या सीझनमध्ये ड्रॅगननं जाळलेल्या गल्ल्यांसाठीही बेलफास्टमध्येच मोठा सेट उभारला होता. त्यामुळे लोव्हरियेनाट्समध्ये दरबार शोधणाऱ्यांच्या हाती फक्त दगडी भिंती आणि समुद्राचा देखावा लागतो.

शहराची स्वतःची गोष्ट काय?

हे शहर म्हणजे पूर्वीचं रगुसा. १३५८ ते १८०८ या काळात ते व्यापारावर उभं राहिलेलं प्रजासत्ताक होतं. पडद्यावर राजधानी म्हणून दाखवलेल्या या शहरात प्रत्यक्षात राजा नव्हता. १६६७ च्या भूकंपात शहराचा मोठा भाग कोसळला आणि पुन्हा बांधला गेला. गोव्यातल्या गवंडाळीचं सेंट ब्लेझ चर्च रगुसाच्या व्यापाऱ्यांशी जोडलं जातं. सेंट ब्लेझ हेच डुब्रोव्हनिकचे संरक्षक संत.

सुमारे १,९४० मीटर लांबीच्या तटबंदीवरून खाली पाहिलं, की छपरांच्या कौलांचे दोन रंग दिसतात. फिकट कौलं जुनी. गडद लाल कौलं बहुतांशी १९९१-९२ च्या वेढ्यात झालेल्या तोफमाऱ्यानंतर बसवलेली. जागतिक वारसा यादीत १९७९ पासून असलेलं हे शहर १९९१ ते १९९८ या काळात धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत होतं.

मग अडचण कुठे आहे?

तटबंदीच्या आतलं शहर चिमुकलं आहे. १९९१ मध्ये तिथे सुमारे ५ हजार लोक राहत होते. आता ही संख्या दीड हजाराच्या आसपास आली आहे. अनेक घरं पर्यटकांना भाड्यानं दिली जातात. रोजच्या गरजेच्या दुकानांच्या जागी स्मरणवस्तूंची दुकानं आली. एकट्या मालिकेला दोष देता येणार नाही, कारण क्रूझ जहाजं त्याआधीपासूनच येत होती. मालिकेनं त्या गर्दीत भर घातली.

एका वेळी ८ हजारांहून अधिक पर्यटक आत नसावेत, असं युनेस्कोनं सुचवलं होतं. पुढे २०१९ पासून एका वेळी दोनच क्रूझ जहाजं आणि सुमारे ४ हजार प्रवासी, अशी मर्यादा आली. २०२३ मध्ये तर चाकांच्या बॅगा दगडी रस्त्यांवरून ओढू नका, असं आवाहन करावं लागलं. त्या खडखडाटानं रहिवाशांची झोप उडत होती.

जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

● क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. चलन युरो.

● तटबंदीच्या तिकिटातच लोव्हरियेनाट्सचा प्रवेश येतो. जेझुइट पायऱ्यांना तिकीट नाही.

● क्रूझचे प्रवासी दिवसा येतात. त्यामुळे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फिरा. शक्य असल्यास शहरात मुक्काम करा.

● धिंडीच्या प्रसंगाची नक्कल करताना आरडाओरडा टाळा. आजूबाजूच्या घरांत माणसं राहतात. दोरीवर वाळत घातलेले कपडे हा तिथे सेटचा भाग नाही.