पैसे घ्यायला पिन लागत नाही

कॅमेरा, लॅपटॉप, सोन्याची साखळी अशी वस्तू ऑनलाइन विकायला काढली, की घासाघीस न करणारा गिऱ्हाईक लगेच भेटतो. "मी लष्करात आहे, बदली झालीय, न बघताच घेतो," म्हणत तो ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. अशा फोटोवर मुळीच विसंबू नका. मग येतो क्यूआर कोड : "हा स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल."

इथेच थांबायचं. यूपीआयचा पिन खात्यातून पैसे पाठवताना लागतो, शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेताना कधीच नाही. काही ठग आधी खरोखरच पाच-दहा रुपये पाठवतात. ते जमा झालेले दिसले की समोरच्याचा विश्वास बसतो आणि पुढच्या कोडला तो बिनधोक पिन टाकतो.

दुसरी युक्ती याहून साधी. 'रक्कम जमा' असा बनावट एसएमएस येतो, पाठोपाठ रडवेला फोन : "चुकून जास्त गेले हो, वरचे परत करा." एसएमएस किंवा स्क्रीनशॉट न पाहता बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक तपासा. चेक असेल, तर तो वटेपर्यंत वस्तू हातची सोडू नका. महागडा व्यवहार शक्यतो बँकेच्या शाखेतच करावा.

तरीही फसगत झाली, तर संकोचापायी गप्प राहू नका. पैसे झपाट्याने पुढच्या खात्यांत फिरवले जातात, म्हणून व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि आपल्या बँकेला कळवा.