आपत्तीतील दान : ओघ आणि गरज

नैसर्गिक आपत्तीनंतर दानाचा हात पुढे येतो तो बहुधा ओळखीच्या माणसाच्या शब्दाने. पूर्वी हे कार्य गल्लीतील मंडळांच्या मदतफेऱ्या करीत. आता त्यांच्या जोडीस मित्रमंडळींचे भ्रमणध्वनीवरील संदेश आले आहेत.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती येथे भूकंप झाला, तेव्हा एका लघुसंदेशाद्वारे अमेरिकन रेडक्रॉसला दहा डॉलर देण्याची सोय करण्यात आली. रक्कम दूरध्वनीच्या बिलात आकारली जाई. ही माहिती लोकांनीच फेसबुक, ट्विटरवरून परस्परांस कळविली आणि अशा लहान रकमांतून ३ कोटी डॉलरहून अधिक निधी उभा राहिला. प्यू संशोधन केंद्राने पुढे अशा देणगीदारांची पाहणी केली. सुमारे निम्म्यांनी वृत्त कळताच देणगी दिली होती. ४३ टक्के लोकांनी आप्तमित्रांसही देण्याचा आग्रह केला होता. हा आग्रह मात्र संगणकापेक्षा समोरासमोरच्या बोलण्यातूनच अधिक झाला, हे आम्हांस विशेष वाटते.

असा ओघ लवकर ओसरतो. गरज ओसरत नाही. हैतीत कॉलऱ्याची साथ उद्भवली ती ऑक्टोबर २०१० मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले, तेही पाणी उतरल्यावर. अस्थिभंगाच्या पुढील शस्त्रक्रिया, कृत्रिम पाय, व्यायामोपचार यांचा खर्च तर कित्येक महिने चालतो.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. विशिष्ट आपत्तीसाठी दिलेली रक्कम संस्थेने परस्पर अन्यत्र वापरू नये, हे योग्यच आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेने थोड्याच दिवसांत पुरेसा निधी जमल्याचे जाहीर केले व जादा रक्कम अन्य संकटग्रस्तांसाठी वापरण्यास देणगीदारांची अनुमती मागितली. ‘आता पुरे’ म्हणण्यास धैर्य लागते. आम्हां निधी जमविणाऱ्यांत ते क्वचितच आढळते.

आपल्या रुग्णालयाच्या आपत्ती साहाय्य निधीच्या पावतीवर यंदापासून एक रकाना ठेवला आहे. रक्कम शिल्लक राहिल्यास ती अन्य गरजू रुग्णांच्या उपचारांसाठी वापरावी किंवा कसे, याविषयीची आपली इच्छा देणगीदारांनी तेथे नोंदवावी. निधीचे आवाहन स्नेह्यांस पाठविणाऱ्यांना विनंती की, त्यात न्यासाचा नोंदणी क्रमांक, बँक खात्याचे नाव व दिनांक अवश्य लिहावा. दिनांक नसलेली आवाहने वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि निधी बंद झाल्यावरही कार्यालयात विचारणा होत राहते.