हुमणीचे भुंगेरे आणि कडुनिंबाचे आमिष

भुईमुगाचे किंवा उसाचे हिरवेगार पीक श्रावण-भाद्रपदात एकाएकी पिवळे पडू लागते. पाणी कमी पडले असेल, असे शेतकऱ्यास वाटते. परंतु रोप ओढावे तर ते अलगद हातात येते, कारण खाली मुळेच उरलेली नसतात. माती उकरली म्हणजे अर्धचंद्रासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी सापडते. हीच हुमणी. कोल्हापूरकडे तिला उन्नीही म्हणतात; आपल्या धारवाड-बेलूर भागातील कानडी शेतकरी तिला गोण्णे हुळु म्हणतो. या वेळी ती मातीत आणि पीक उभे, म्हणून उपाय फार जिकिरीचा होतो.

तिला गाठावयाचे ते त्याआधी, ती भुंगेरा असताना. हुमणीच्या पुष्कळ जाती आहेत. त्यांपैकी होलोट्रिकिया सेराटा या जातीचा जन्मक्रम एका वर्षाचा असतो. दिवाळीच्या सुमारास कोषातून भुंगेरा तयार झाला तरी तो वर येत नाही. वळवाच्या पावसाची वाट पाहत जमिनीतच दडून राहतो. मे-जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे बाहेर पडतात, जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर किंवा बोरीवर जमतात, रात्री पाला खातात आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. पुढे एकेक मादी जमिनीत 50-60 अंडी घालते. तेव्हा त्या रात्री मारलेली एक मादी म्हणजे किती अळ्या वाचल्या, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

गंमत अशी की, किडी पळवून लावण्यासाठी आपण ज्या कडुनिंबावर भिस्त ठेवतो, तोच या भुंगेऱ्याचा आवडता खाऊ आहे! त्याची हीच आवड आपल्या उपयोगी पडते. बांधावर झाड असल्यास रात्री आठ-नऊच्या सुमारास खाली कापड अंथरून आकडीने फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. झाड नसल्यास कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या पालेदार फांद्या तोडून शेतात उभ्या रोवाव्यात आणि दिवस मावळण्यापूर्वी त्यांवर कीटकनाशक फवारावे. भुंगेरे पाला खातात आणि मरतात. पाला सुकला की फांदी बदलावी, कारण वाळलेल्या पाल्याकडे ते फिरकत नाहीत. पूर्वी यासाठी बी.एच.सी. वापरीत, त्यावर भारतात 1997 साली बंदी आली. आज कोणते औषध घ्यावे हे धारवाडच्या कृषी विद्यापीठात किंवा कृषी खात्यात विचारूनच ठरवावे. आणि शेळ्या सांभाळाव्यात. बाभळीचा पाला त्यांनाही तितकाच प्रिय असतो.

आमिषाची ही कल्पना नारळाच्या बागांतही चालते. गेंड्या भुंग्यासाठी एक किलो एरंडीची पेंड पाच लिटर पाण्यात भिजवून मातीच्या मडक्यांत बागेत ठेवतात. आंबूस वासाने भुंगे त्यात येऊन पडतात. मात्र प्रत्येक जात आमिषाला भुलत नाही. नदीकाठच्या उसातील ल्युकोफोलिस हुमणीचे भुंगेरे पाला खाण्यास फारसे येत नाहीत. तेथे फांद्या रोवणे म्हणजे फुकट श्रम. म्हणून आधी जात ओळखावी.

काही जण म्हणतात की, भुंगेरे झाडांवर जमतात तर बांधावरची झाडेच तोडावीत. हे मला मुळीच पटत नाही. झाड गेले म्हणून भुंगेरा उपाशी मरत नाही; तो दुसऱ्याच्या बांधावर जातो आणि एका ठिकाणी गोळा होणारा शत्रू गावभर पांगतो. खरी अडचण निराळीच आहे. भुंगेऱ्याला सातबारा कळत नाही. एकाने रात्र जागवावी आणि शेजाऱ्याने झोपावे, तर शेजारचे भुंगेरे याच्याही शेतात अंडी घालतात. म्हणून पहिल्या पावसानंतरच्या आठ-दहा रात्री सर्व गावाने मिळून हे काम केले पाहिजे. आपल्या सभासदांपैकी ज्यांची शेती गावी आहे आणि नोकरी हुबळी-धारवाडात, त्यांनी निदान वाटेकऱ्याला आकडी, कापड आणि रॉकेलचा डबा मे महिन्यातच आणून द्यावा.