कानातला आवाज आणि उसनी झोप

कानात सतत शिट्टी वाजते, रातकिडे किरकिरतात किंवा दूरवर मिक्सर चालू असल्यासारखी घरघर होते, अशा माणसाचा दिवस कसाबसा ढकलला जातो. खरी कसोटी रात्री लागते. रस्ता शांत होतो, टीव्ही बंद होतो, घरचे झोपतात आणि तो आवाज तेवढा शिल्लक राहतो. अशा माणसाला कुणी सांगितलं, की गांजापासून काढलेल्या तेलाचे दोन थेंब जिभेखाली घ्या, आवाजही विरेल आणि झोपही लागेल, तर ते करून पाहावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. कॅनडा, इस्रायल, जर्मनी, ऑस्ट्रेलिया या देशांत वैद्यकीय कॅनाबिस कायद्याने मिळतं, त्यामुळे टोरांटोतला भाचा तिकडून सल्ला देतो. इकडे भारतात आयुष परवान्याखालची ‘विजया’, म्हणजे भांगेची, तेलं ऑनलाइन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घरपोच येतात. या सल्ल्यात दोन दावे एकाच दमात केलेले असतात: आवाज कमी होतो आणि झोप लागते. हे दोन्ही सुटे करून तपासले, की चित्र बदलतं. पहिल्या दाव्याला आजवरच्या पुराव्यांचा आधार नाही, उलट जे थोडंफार हाती आहे ते विरोधात जातं. दुसऱ्यात तथ्य आहे, पण काही दिवसांपुरतं, आणि ती झोप उसनी असते. तिची परतफेड पुढच्या रात्रींतूनच करावी लागते.

मुळात कानातला हा आवाज, म्हणजे टिनिटस, याचा अर्थ ‘कान खराब झाला’ एवढाच नव्हे. बऱ्याचदा सुरुवात कानात होते हे खरं. वयोमानानं किंवा मोठ्या आवाजाच्या माऱ्यानं आतल्या कानातल्या केसपेशी मरतात आणि मेंदूकडे जाणारे संकेत रोडावतात. मग मेंदूतली श्रवणयंत्रणा ती तूट भरून काढायला स्वतःची संवेदनशीलता वाढवते, आणि बाहेर काहीच वाजत नसताना तिला वाजल्यासारखं वाटू लागतं. श्रवणाची नस कापून टाकल्यावरही अनेकांचा आवाज गेलेला नाही, तो यामुळेच. आणखी एक जुना प्रयोग इथे फार बोलका आहे. हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी १९५३ साली ऐकू येण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० जणांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटं बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी गुणगुण, घंटा, शिट्टी असलं काहीतरी नोंदवलं. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली तर असा आवाज बहुतेकांना सापडतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार जगातल्या सुमारे १४ टक्के प्रौढांना टिनिटस जाणवलेला असतो, पण तो तीव्र असतो सुमारे २ टक्क्यांना. या दोन आकड्यांमधल्या अंतरात या आजाराचं मर्म आहे: आवाज असणं वेगळं आणि आवाजानं छळणं वेगळं.

कॅनाबिसनं आवाज कमी होईल, ही कल्पना काही हवेतून आलेली नाही. टिनिटसमध्ये श्रवणकेंद्रातल्या चेतापेशी गरजेपेक्षा जास्त उत्तेजित असतात, आणि फिट्समध्येही अतिउत्तेजनच असतं. कॅनाबिसमधल्या सीबीडी या घटकाचं शुद्ध औषध, एपिडायोलेक्स, मुलांच्या दोन दुर्मिळ आणि हट्टी अपस्मारांसाठी अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. शिवाय कॅनाबिस ज्या ग्राहींवर काम करतं ते मेंदूतल्या श्रवणकेंद्रातही आहेत. मग अपस्माराचं औषध टिनिटसवर का चालू नये? न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या गटानं हा प्रश्न बरीच वर्षं लावून धरला. उंदराला कानात आवाज येतो का हे विचारता येत नाही, म्हणून युक्ती अशी: शांतता पसरली की पायाला हलका झटका बसतो, हे उंदराला आधी शिकवायचं. तहानलेला उंदीर मग शांतता होताच पाणी चाटायचं थांबवतो. ज्याच्या कानात सतत वाजतंय त्याला शांतता ‘ऐकूच’ येत नाही, त्यामुळे तो चाटत राहतो. या गटानं २०१५ साली कॅनाबिसमधलं नशा आणणारं टीएचसी आणि सीबीडी समप्रमाणात दिलं, तेव्हा प्रचंड आवाजाचा मारा झालेल्या उंदरांमध्ये टिनिटसची लक्षणं कमी न होता वाढली. त्याआधी याच गटाला कृत्रिम कॅनाबिनॉइड्सनीही निराशच केलं होतं. संशोधकांना हवं होतं त्याच्या नेमकं उलट उत्तर आलं आणि त्यांनी ते छापलं, म्हणून मला त्याचं वजन अधिक वाटतं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण माणसांकडे वळलं तरी दिलासा मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातल्या माहितीवर २०२० साली एक अभ्यास आला. नियमित गांजा घेणाऱ्यांमध्ये टिनिटसचं प्रमाण जास्त दिसलं. वय, ऐकण्यातला ऱ्हास, गोंगाटाचा संपर्क, नैराश्य, चिंता, धूम्रपान हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. इथे घाई करू नये. गांजानं टिनिटस झाला, की टिनिटसनं हैराण झालेले लोक गांजाकडे वळले, हे असं सर्वेक्षण सांगू शकत नाही, आणि जास्त घेणाऱ्यांना जास्त त्रास अशी चढती कमानही त्यात नव्हती. तेव्हा ‘गांजानं टिनिटस होतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचाही हा गैरसमजच म्हणायचा. पण गांजानं टिनिटस जातो, असं दाखवणारी ठोस नियंत्रित चाचणी मात्र नाही. कवटीतला दाब वाढलेल्या एका रुग्णाला कॅनाबिनॉइड औषधानं आराम पडल्याची २००६ सालची नोंद वारंवार पुढे केली जाते. तो टिनिटस त्या दाबाशी जोडलेला होता, आणि रुग्ण एकच होता.

‘पण मला फरक पडतो’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. कानातल्या आवाजाचा मोठेपणा बाहेरच्या आवाजाशी ताडून मोजला, तर तो बहुतेकांच्या बाबतीत ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा थोडाच वर भरतो. आणि ज्याचा आवाज मोठा त्याला त्रास जास्त, असंही गणित जुळत नाही. त्रास ठरतो तो लक्ष किती अडकतं, भीती किती वाटते आणि झोप किती मोडते यावर. टीएचसीनं लक्ष सैलावतं, काळजी काही वेळ मागे पडते, म्हणून आवाज तोच असला तरी तो कमी सलतो. काहींना मात्र, विशेषतः डोस वाढला की, उलट घबराट होते, छाती धडधडते आणि तो आवाज आणखीच पुढे येतो. त्यात टिनिटस मुळातच दिवसागणिक चढउतार करणारा. माणूस औषध शोधतो ते सर्वांत वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा बहुधा जरा बरा जातो. श्रेय तेलाच्या बाटलीला मिळतं. टिनिटसच्या चाचण्यांत खोट्या गोळीनंही बऱ्याच रुग्णांना बरं वाटतं, ते याचमुळे.

आता झोप. टीएचसीनं सुरुवातीला लवकर डोळा लागतो, यात शंका नाही. ऑस्ट्रेलियात २०२१ साली जुनाट निद्रानाशाच्या २४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कॅनाबिनॉइड मिश्रणानं खोट्या औषधापेक्षा झोप सुधारली. ही चाचणी दोन आठवड्यांची होती, आणि पुरावा सहसा इथेच संपतो, तर टिनिटसचा रुग्ण वर्षानुवर्षांच्या रात्री डोळ्यापुढे ठेवून बाटली उघडतो. इस्रायलमध्ये दीर्घकालीन वेदनेच्या, पन्नाशी ओलांडलेल्या १२८ रुग्णांचा अभ्यास झाला. कॅनाबिस घेणारे रात्री मधेच कमी जागे होत होते खरं, पण त्यांच्यात जे वारंवार घेत होते त्यांना झोप लागायलाही त्रास होता आणि मधेच जागही जास्त येत होती. संशोधकांनी शक्यता मांडली ती शरीर सरावण्याची. टीएचसीनं स्वप्नांची झोप दबते, रोज घेतलं तर गुण ओसरतो, डोस वाढतो. आणि एक दिवस बाटली संपते किंवा माणूस स्वतःहून थांबतो. मग एक-दोन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश आणि भडक, विचित्र स्वप्नं सुरू होतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं २०१३ पासून याची स्वतंत्र विकार म्हणून नोंद घेतली आहे. गंमत अशी, की ही जागरणं रुग्ण उलट पुरावा म्हणून वाचतो: बघा, घेतलं नाही तर झोपच लागत नाही! खरं तर ती थांबवल्याची लक्षणं असतात, आणि रात्रीच्या शांततेत कान टवकारून पडलेल्या माणसाइतकी ती कुणालाच महाग पडत नाहीत.

यावर ‘मग टीएचसी नको, नुसतं सीबीडी घ्या, त्यानं नशाच येत नाही’ असं उत्तर मिळतं. नशा येत नाही हे बरोबर. पण निद्रानाशाच्या ३० जणांना दोन आठवडे रोज १५० मिलिग्रॅम सीबीडी देऊन २०२४ साली पाहिलं, तेव्हा निद्रानाशाच्या तीव्रतेत खोट्या औषधापेक्षा फरक दिसला नाही. बाजारातल्या तेलाचा रोजचा डोस बऱ्याचदा याच्या कितीतरी खाली असतो. शिवाय बाटलीवर लिहिलंय ते बाटलीत असतंच असं नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची २०१७ साली तपासणी झाली, तेव्हा जेमतेम ३१ टक्क्यांवरचं लेबल खरं निघालं आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. ‘वनस्पतीचं आहे, अपाय नाही’ हेही टिकत नाही. सीबीडीनं यकृतातली काही एन्झाइम्स अडतात. त्यामुळे वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा आणि क्लोबाझामसारख्या फिट्सवरच्या औषधाचा परिणाम वाढू शकतो.

आपल्याकडे दुसरा आधार घेतला जातो तो आयुर्वेदाचा. कर्णनाद हा सुश्रुतानं सांगितलेल्या २८ कर्णरोगांपैकी एक, आणि भांग ही आयुर्वेदाला ठाऊक असलेली वनस्पती. या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांच्या बेरजेतून ‘कर्णनादावर भांग’ असा पाठ निघत नाही. ग्रंथांनी भांगेला पचन वाढवणारी म्हटलंय, तसंच मद आणि मोह आणणारीही म्हटलंय. आजच्या औषध कायद्यातही ती विषारी द्रव्यांच्या ‘ई-१’ यादीत आहे आणि अशी औषधं वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत असा इशारा लेबलवर असावा लागतो. कायद्याबद्दलचा गोंधळ तर सगळीकडेच आहे. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात चरस, म्हणजे राळ, आणि गांजा, म्हणजे फुलं-फळं धरलेले शेंडे, येतात. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत, म्हणून पानांचा अर्क औषध म्हणून बनवता येतो. पण त्यावरून ‘भांग कायदेशीरच आहे’ असा अर्थ काढू नये. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय भांग बाळगायलाही मनाई करतो. परदेशातून टीएचसी असलेली बाटली बॅगेत घालून आणणाऱ्यानं तर हे पक्कं ध्यानात ठेवावं, की तिथलं प्रिस्क्रिप्शन दाखवलं म्हणून इथला कायदा बाजूला होत नाही.

‘कायद्यानंच संशोधन दाबून ठेवलं, म्हणून पुरावा नाही,’ हा युक्तिवाद मला सर्वांत सशक्त वाटतो. अनेक दशकं तसं झालंही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगानं कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी बाहेर काढलं, तेव्हा भारतानंही बाजूनं मत दिलं, आणि ते योग्यच झालं. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे आखडणारे स्नायू, केमोथेरपीतली मळमळ, हट्टी फिट्स यांवर कॅनाबिसची औषधं चाचणीतून गेली आणि मान्यता पावली. पण यातून निष्कर्ष निघतो तो टिनिटसवरही नीट चाचणी व्हावी हा. चाचणीआधीच औषध सुरू करावं, हा निघत नाही.

मग करायचं काय? इथे एक दुःखद गोष्ट अशी, की जे उपाय खरोखर तपासलेत त्यांत बाटली नाही. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २८ अभ्यास आणि २,७३३ रुग्ण होते. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या सीबीटी या मानसोपचारानं टिनिटसचा आयुष्यावरचा भार कमी होतो, असं त्यात दिसलं. आवाज कमी होत नाही, छळ कमी होतो; म्हणजे लोक तेलाकडून मागतात तेच, पण सरावाचा आणि थांबवल्यावरच्या जागरणांचा भुर्दंड न देता. निद्रानाशावरही अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ पासून पहिला उपचार म्हणून सीबीटीच सुचवली आहे. ‘म्हणजे माझ्या मनाचे खेळ आहेत म्हणता?’ असा राग येतो. पण सीबीटी आवाज खोटा ठरवत नाही. त्याला धोका समजून जागं राहायची मेंदूला लागलेली सवय ती मोडते. असे प्रशिक्षित उपचारक जिल्ह्याच्या गावी सहज मिळत नाहीत, ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. तिला आज अर्धंमुर्धंच उत्तर आहे: फोनवरून किंवा संगणकावरून घेता येणारे असे कार्यक्रम. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावं, कारण बाहेरचे आवाज पोचू लागले की आतला मागे सरतो. रात्री पूर्ण शांतता टाळावी, पंखा किंवा हलक्या पावसाचा आवाज उशाशी असू द्यावा.

जे आधीपासून तेल किंवा गांजा घेत आहेत त्यांनी ते एका रात्रीत बंद करू नये. डॉक्टरांना स्पष्ट सांगून डोस हळूहळू उतरवावा, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांनाही कल्पना द्यावी. घोरण्याबरोबर श्वास अडकत असेल तर झोपेसाठी कॅनाबिस घेऊच नये, असं अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं आहे. आणि आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, किंवा दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येणं कमी झालं असेल, तर तेल, सीबीटी, पंखा सगळं बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. अचानक गेलेल्या श्रवणावर स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वांत जास्त असते.