सायकलस्वाराची जागा

ब्रिटनमधील अनेक शहरांत सिग्नल असलेल्या चौकाशी रस्त्यावर दोन आडव्या पांढऱ्या रेषा आखलेल्या असतात. तांबडा दिवा लागला की मोटारींनी पहिल्या रेषेपाशीच थांबावयाचे. सायकलस्वाराने मात्र पुढच्या रेषेपर्यंत जावयाचे. मधली जागा त्याच्यासाठी राखलेली असते. त्या देशात ही रचना प्रथम १९८४ साली ऑक्सफर्ड येथे करण्यात आली.

ही जागा कशासाठी? तेथे आपल्याप्रमाणेच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. मालमोटारीच्या डाव्या अंगाला उभा असलेला सायकलस्वार उंचावर बसलेल्या चालकाला पुष्कळदा दिसत नाही. हिरवा दिवा लागताच मालमोटार डावीकडे वळली, तर तो चाकाखाली सापडण्याची भीती असते. पुढे, मोकळ्या जागेत थांबलेला सायकलस्वार मात्र सहज दृष्टीस पडतो.

परंतु एखादी मोटारच त्या जागेत शिरली, तर सायकलस्वाराला पुन्हा धोक्याच्या बाजूलाच उभे राहावे लागते. म्हणून तांबडा दिवा असताना मोटारीने पहिली रेषा ओलांडणे हा तेथे गुन्हा आहे. त्याबद्दल १०० पौंड दंड होतो व चालकाच्या परवान्यावर ३ दंडगुण नोंदले जातात. रेषा ओलांडल्यानंतर दिवा तांबडा झाला, तर मोटारीने दुसऱ्या रेषेपाशी थांबलेच पाहिजे.

प्रत्येक चौकात पोलीस उभा करता येत नाही आणि रंगाची रेषा कोणाचा हात धरीत नाही. कोणी पाहत नसतानाही जो चालक पहिल्या रेषेपाशी थांबतो, तोच सायकलस्वाराचा खरा रक्षक होय.