कपाटावरची ढोलकी आणि वाडीवरचा तारपा



खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेल या भागातल्या अनेक घरांत एखादे तरी वाद्य गप्प पडून असते. मुलगी सहावीत असताना आणलेला कॅसिओ, आजोबांची पेटी, तरुण संघाने कधीकाळी घेतलेली गिटार, नाताळच्या कॅरल फेरीपुरती खाली उतरणारी ढोलकी. घर रंगवायला काढले की ते हातात येते आणि कोणीतरी म्हणते, "वाडीवरच्या पोरांना देऊन टाकू या, शिकतील बिचारी." यामागची माया खरी आहे. तरीही वाद्य गाडीत टाकण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. ती पोरे काय वाजवतात? आणि आपण देतो ते वाद्य त्यांच्या गाण्याला चालते का?

आपल्या जवळच्या वाड्या ठाकर आणि कातकरी समाजाच्या. पनवेलहून कर्नाळ्याकडे किंवा माथेरानच्या पायथ्याशी गेले की त्या लागतात. त्यांच्या नाचगाण्यात मुख्य आधार चामड्याच्या वाद्याचा. गौरी-गणपतीत, होळीत, लग्नात ढोल किंवा ढोलकी हवीच, सोबत टाळ, झांज नाहीतर साधा थाळा. बाया एकमेकींच्या कमरेला हात घालून गोलात फिरतात, गाणे एका बाजूने सुटते आणि दुसरी बाजू ते उचलते. इथे आपली जुनी ढोलकी, टाळ, घुंगरांच्या माळा थेट कामाला येतात. जे वाद्य तिथे आधीपासून आहेच, पण फाटले, विकले गेले किंवा परवडले नाही म्हणून हातात नाही, तेच आपण पोहोचवत असतो. जुने वाद्य देण्याचा सर्वांत सरळ आणि उपयोगी मार्ग हाच.

मात्र आदिवासी संगीत म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तारपा येतो, आणि तिथे गोष्ट निराळी आहे. तारपा वारल्यांचा. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हा त्याचा मुलूख. पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. वारली चित्रांत मधोमध एक जण लांब भोंग्यासारखे काहीतरी फुंकतो आणि त्याच्याभोवती माणसांची साखळी गोगलगाईच्या शिंपल्यासारखी वळत जाते, ते चित्र आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दिवाणखान्यात असेल. जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेले, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण चित्रातला तो माणूस काय वाजवतो, हे फार थोड्यांनी ऐकलेले असते.

तारप्याचे पोट म्हणजे वाळलेला दुधी भोपळा. वरच्या टोकाला फुंकण्याची नळी. भोपळ्याच्या खालच्या बाजूला बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवतात, त्यांच्या आत बांबूचीच पातळ जिभळी असते, ती थरथरली की सूर निघतो. नळ्यांना बोटांसाठी भोके असतात. पुढे ताडाच्या पानांची गुंडाळी करून केलेला कर्णा, आवाज लांब जावा म्हणून. सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजवायचे. या यादीत दुकानातून आणायची वस्तू एकही नाही. वाजवणाऱ्याने गालात हवा साठवून ठेवायची, तीच नळीत सोडत राहायची आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा. सूर तुटता कामा नये, कारण सूर तुटला की नाचणाऱ्यांचे पाऊल तुटते. भात पिकू लागले की तारपे बाहेर निघतात आणि दिवाळीच्या आसपास रात्ररात्र वाजतात.

असे वाद्य कोणाच्या कपाटावरून येणार? हस्तकला प्रदर्शनातून आणलेला शोभेचा तारपा काही घरांच्या भिंतीवर दिसतो, पण शोभेचा तारपा वाजेलच असे नाही. तारपा शिकायचा असेल तर वेलापासून सुरुवात करावी लागते. बाजारात मिळणारा आजचा दुधी लांबट, पातळ सालीचा आणि कोवळाच तोडलेला असतो. तारप्याला गावठी वाणाचा, जाड कवचाचा, नीट आकाराचा भोपळा लागतो. तो वेलीवरच जून होऊ द्यायचा, मग वाळवायचा, मग आतला गर आणि बिया काढायच्या. बियाणे हरवले की वाद्य हरवले. (मिरजेच्या तानपुऱ्याची हीच कथा आहे. त्याचे मोठे भोपळे पंढरपूरकडच्या शेतांतून येतात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण भोपळा पिकवणारा शेतकरी टिकला तरच पुढचे सारे.)

जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा हे आजचे सर्वांत नावाजलेले तारपावादक. वय नव्वदीच्या घरात. २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाला त्यांच्या नावे पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे ही कला बापजाद्यांकडून आली, आणि ते वाद्य वाजवतातही आणि घडवतातही. असा माणूस एका वाद्यापुरता नसतो. कोणता बांबू कधी तोडायचा, जिभळी किती तासायची, मेण केव्हा मऊ करायचे, हे सारे त्याच्या बोटांत असते. शेजारी बसून पाहिल्याशिवाय ते दुसऱ्याच्या बोटांत उतरत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. तारपा शिकू पाहणाऱ्या मुलाला आपण पेटी किंवा कॅसिओ पाठवला, तर त्याला मदत करत नाही, त्याचा रस्ता बदलतो. पेटीचे सूर कारखान्यात ठरतात. प्रत्येक तारप्याचा सूर त्याच्या भोपळ्यावर आणि बांबूवर ठरतो, दोन तारपे आपसात जुळवणेच कठीण, मग पेटीशी जुळणे दूरच. वराती-लग्नांत तारप्याची चाल कॅसिओवर वाजवून मोठ्या स्पीकरवर लावतात, तरुण त्यावर मजेत नाचतात. त्यात वाईट काही नाही. पण कॅसिओवाल्याला श्वास सांभाळावा लागत नाही, भोपळा पेरावा लागत नाही, आणि म्हाताऱ्या वादकाकडे जावेही लागत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत जड वाटते.

पेटीबद्दल आकस मात्र नको. ती स्वतःच परदेशातून आलेली पाहुणी आहे. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन यांनी तिचे पेटंट घेतले, युरोपीय मिशनऱ्यांनी ती उपासनेसाठी इकडे आणली, आणि कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल अशी तिची देशी घडण केली. आकाशवाणीने १९४० पासून जवळजवळ तीन दशके तिला दाराबाहेर ठेवले होते, कारण तेच, तिचे ठरलेले सूर आपल्या गळ्याच्या वळणाला पुरत नाहीत. आज भजन, कीर्तन, नाट्यगीत तिच्यावाचून होत नाही. वसतिगृहातल्या एखाद्या मुलीला पेटी शिकायची असेल तर तिला जरूर द्यावी. फक्त त्याला पारंपरिक संगीताची मदत म्हणू नये.

आता आपल्या मंडळीत हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न. तारपा, घांगळी, थाळी ही वाद्ये त्यांच्या देवकार्याशी जोडलेली आहेत, मग ती शिकायला आपण हातभार का लावायचा? घांगळी वाजवत भगत जुन्या कथा सांगतो हे खरे. पण लग्नात धवलेरी गाते, पीक आल्यावर तारपा वाजतो, त्यात त्या समाजाची भाषा, नाती, झाडापेरांची नावे, हसणे-रडणे सगळेच असते. स्तोत्र १५० मध्ये कर्णा, सतार, डफ, तंतुवाद्ये, पावा, झांजा यांची नावे येतात, ती त्या काळच्या त्या लोकांच्या हातातलीच वाद्ये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे १९१९ मध्ये प्रभूकडे जाईपर्यंत मराठी ख्रिस्ती माणसाने मराठी चालीतच गावे यासाठी लेखणी झिजवली. टाळ-मृदंगाचे कीर्तन आणि भजन आपल्या उपासनेत परके वाटत नाही, त्यामागे त्यांच्यासारख्यांचे कष्ट आहेत. आपल्याला आपली चाल परत हवी होती, तशी वाडीवरच्या पोरांनाही त्यांची हवी असणार. आणि ढोलकी देताना तिच्यावर आपलीच गाणी वाजली पाहिजेत अशी अट घातली, तर ते दान उरत नाही.

द्यायचे ठरले की वाद्य आधी तपासावे. ढोलकीच्या लाकडी खोडाला उभी चीर गेली असेल तर ती ठेवून द्या, दुरुस्तीचा खर्च नव्या ढोलकीइतका होतो. खोड धड असेल आणि पुडी फाटली असेल तर मुळीच फेकू नका. पुडी बदलता येते. मात्र ती आपणच बदलून द्यावी, कारण वाडीवरून पनवेलच्या वाद्यदुकानापर्यंत येणे म्हणजे एक दिवसाचा रोज बुडणे. शाई खपल्या होऊन निघत असेल तर तीही आताच लावून घ्यावी. नट-बोल्टची ढोलकी असेल तर तिचा पाना सोबत बांधून द्या, पाना नसला की महिनाभरात ती सैल पडून कोपऱ्यात जाते. दोरीच्या ढोलकीबरोबर एक जादा दोरी. टाळ-झांजांचे काम सोपे, धातूला तडा नसला की झाले, गोफ नवा ओवावा. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि आवाज बसतो. वाडीवरची माणसे ते चुलीच्या उबेला शेकून ताणून घेतात, ते त्यांना आपल्याहून चांगले जमते.

ज्यांच्याकडे वाद्य नाही त्यांनाही देण्यासारखे बरेच आहे. शिकवणारा म्हातारा वादक मजुरीवर जगतो. आठवड्यातून एक दिवस तो पोरांना घेऊन बसला तर त्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे त्याला सन्मानाने मिळायला हवे. एका कॅसिओच्या किमतीत असे कितीतरी दिवस निघतील. खणात पडलेला जुना स्मार्टफोनही उपयोगाचा. बॅटरी चालत असेल तर तरुण त्यावर आजीची लग्नगीते, आजोबांचे वाजवणे मुद्रित करून ठेवू शकतात. ते मुद्रण वाडीवरच राहावे, गाणाऱ्याला विचारल्याशिवाय ते आपल्या ग्रुपवर फिरू नये. फोन देण्याआधी आपले फोटो आणि बँकेचे अ‍ॅप काढून टाकायला विसरू नका.

आणि वेळ. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत मोठ्या उत्साहाने नेलेली ढोलकी बंद दारापाशी पोहोचते. लावणी आटोपल्यावर, गौरी-गणपतीच्या आधी पोरे गावात असतात, संध्याकाळी मोकळी असतात आणि सणाची ओढही असते. तेव्हा आपल्याकडची वाद्ये उन्हाळ्यातच खाली काढावीत, मे महिन्यात पुड्या बदलून घ्याव्यात आणि जुलैअखेर ती वाडीवर असावीत. पिशवीत एक चिठ्ठी घालावी: वाद्य किती जुने, काय दुरुस्त केले, पुडी कोणत्या दुकानातून घेतली. पुढच्या वेळी पुडी फाटली की त्यांना कोणाला विचारायचे ते कळेल.