घरासाठीं ऋण किती काढावें ?

“घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून” ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधणारा गृहस्थ निदान स्वतःच्या डोळ्यांनीं विटा मोजीत असे. आतां विटा बांधणारा मोजतो आणि आपण हप्ते मोजतों. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या टापूंत आमची बहुतेक हयात गेली. मुंबईंत आणि ठाण्यास भाड्यानें राहणारीं कितीतरी तरुण कुटुंबें स्वतःच्या छपराच्या शोधांत याच लोहमार्गानें इकडे येतांना आम्हीं पाहिलीं आहेत. मुंबईपासून सुमारें ६८ किलोमीटरांवरच्या बदलापुरास पोहोंचलें म्हणजे किंमत आवाक्यांत आली असें वाटतें. परंतु किंमत आवाक्यांत आली म्हणून ऋणही आवाक्यांत आलें असें होत नाहीं. याच प्रश्नावर आमच्या घरीं नुकतेंच जें बोलणें झालें, तें वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमचा पुतण्या व त्याची पत्नी दोघेंही नोकरी करतात. त्याच्या हातीं दरमहा ४५ हजार रुपये पडतात, तिच्या हातीं ३५ हजार. दोघांनीं काटकसरीनें १५ लाख शिल्लक टाकले आहेत. बदलापुरास त्यांनीं ४० लाखांचा एक ब्लॉक पसंत केला आणि बँकेनें ३२ लाख देण्याची तयारी दाखविली. तें पत्र आमच्यापुढें ठेवून पुतण्या म्हणाला, “काका, बँकेनें हिशेब करूनच आंकडा सांगितला असेल ना ?”

हिशेब केलेला असतो यांत संशय नाहीं. पण तो बँकेचा हिशेब! रिझर्व्ह बँकेच्या नियमानें ३० लाखांपर्यंतचें गृहकर्ज घराच्या किंमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढें ७५ लाखांपर्यंतचें ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठें ७५ टक्क्यांपर्यंत देतां येतें. ही मर्यादा तारणाची आहे. घर विकून बँकेचे पैसे वसूल होतील कीं नाहीं, एवढेंच ती पाहते. तुमच्या घरीं औषधपाण्यास किती लागतें, मुलाची फी किती, हें पाहणें तिचें काम नव्हे. शिवाय मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च एरवीं या किंमतींत धरीत नाहींत. तो पदरचाच घालावा लागतो.

मग आम्हीं पाटी-पेन्सिल घेतली. साडेआठ टक्के व्याज व वीस वर्षांची मुदत धरली, तर लाखास ८६८ रुपये मासिक हप्ता बसतो. ३२ लाखांस तो २७,७७० रुपये होतो. वीस वर्षांत एकंदर ६६ लाख ६५ हजार भरावे लागतात. म्हणजे मुद्दल ३२ लाख आणि व्याज ३४ लाख ६५ हजार! आपल्या धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता : एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये. मुंबई इलाख्यांतील न्यायालयेंही हिंदु ऋणकोच्या बाबतींत तो मानीत. बँकेचें व्याज महिन्याच्या महिन्यास फेडलें जातें, म्हणून तो नियम येथें लागत नाहीं हें खरें. पण मनांत धरण्यास ती मेख चांगली आहे. एकंदर व्याज मुद्दलापलीकडे जाऊं लागलें, कीं गृहस्थानें थांबून विचार करावा.

व्याजाचा दर स्थिर राहतो असेंही नाहीं. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ च्या आरंभीं ४ टक्के होता. तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्के झाला. पुढें २०२५ मध्यें तो पुन्हा उतरला. पण मधल्या काळांत काय घडलें तें पहा. सात टक्क्यांनीं वीस वर्षांसाठीं ३२ लाख घेणाराचा हप्ता २४,८१० रुपये. दर अडीच टक्क्यांनीं चढून साडेनऊ झाला, म्हणजे आरंभींच्या दिवसांत महिन्याचें नुसतें व्याजच २५,३३३ रुपये ! जुना हप्ता भरीत राहिलें तर मुद्दलास पैसाही पोंचत नाहीं. उलट ऋण वाढतें. म्हणून हप्ता वाढविणें भागच पडतें. जो पहिल्या दिवशींच शेवटच्या रुपयापर्यंत ताणला गेला आहे, तो ही वाढ कोठून देणार ?

इतका वेळ सूनबाई मुकाट्यानें ऐकत होती. ती हळूच म्हणाली, “काका, बँकेनें आम्हांला किती मिळतील तें सांगितलें. आमच्याजवळ किती उरेल, तें कोणीं विचारलें नाहीं.” तिच्या बोलण्यांतला अर्थ आमच्या ध्यानांत आला. दोघांच्या ८० हजारांत २७,७७० हा सुमारें तिसरा हिस्सा. पण घरांत पाळणा हलला आणि तिला वर्ष-दोन वर्षें घरीं रहावेसें वाटलें, तर ४५ हजारांत तोच हप्ता तीन-पंचमांशांहून अधिक. आज सही करतांना ती आपली पुढील वीस वर्षांची नोकरी गहाण टाकीत होती, आणि हें कोणत्याही कागदावर लिहिलेलें नव्हतें.

पुतण्यानें तोड सुचविली. आमच्या वहिनींची चार लाखांची मुदत ठेव आहे. ती घालून ऋण २८ लाखांवर आणावें. वहिनी तर तयारच होत्या. आई कोणती नाहीं म्हणेल? परंतु आम्हीं साफ नकार दिला. वृद्धेची ठेव ही तिची म्हातारपणची काठी आहे. ती मुलाच्या भिंतींत चिणली, कीं दुखण्याच्या दिवशीं भिंत फोडून काढतां येत नाहीं.

आम्हांस हें शहाणपण फुकट मिळालेलें नाहीं. तरुणपणीं आम्हीं उल्हासनगरांतील एका इमारतींत स्वस्त म्हणून जागा घेतली. त्या जागेवर बँक कर्ज देईना, म्हणून जबर व्याजानें खासगी पैसे काढले. बँक कां देत नाहीं, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. पुढें इमारत धोक्याची ठरून सोडावी लागली. आणि सोडलेल्या घराचे हप्ते आम्ही भाड्याच्या खोलींत बसून तीन वर्षें भरीत होतों. त्या गांवांत हें दुःख आम्हां एकट्याचें नव्हे. निर्वासितांच्या छावणींतून उभ्या राहिलेल्या व १९४९ मध्यें उल्हासनगर हें नांव मिळालेल्या या शहरांत अनधिकृत बांधकामें इतकीं वाढलीं, कीं ८५५ इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्या नियमित करण्यासाठीं राज्य सरकारला २००६ मध्यें खास तजवीज करावी लागली. मे २०२१ मध्यें तेथें दोन इमारतींच्या स्लॅब कोसळून माणसें दगावलीं. तात्पर्य, बँकेनें दिलेला होकार म्हणजे आशीर्वाद नव्हे. पण तिनें दिलेला नकार मात्र उपदेश समजावा.

शेवटीं आम्हीं तीन कसोट्या सांगितल्या. पहिली, हप्ता एकाच्या पगारांत बसावा आणि त्यावर त्याच पगारांत घरही चालावें. दुसरी, सर्व खर्च होऊन सहा महिन्यांचे हप्ते व घरखर्च यांपुरती शिल्लक हातीं रहावी. उल्हास नदीच्या कांठच्या गांवांत ही शिल्लक विशेष अगत्याची. २६ जुलै २००५ चा व जुलै २०१९ चा पूर बदलापूरकर विसरलेले नाहींत. तिसरी, मुदत लांब घ्यावी, पण फेड लौकर करावी; कारण बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वीं पैसे भरल्यास दंड घेण्याची बँकांस मनाई आहे.

या कसोट्यांस ४० लाखांचा ब्लॉक उतरेना. त्याच आळींत एका खोलीनें लहान असा ३२ लाखांचा ब्लॉक होता. पदरचे १० लाख किंमतींत, सुमारें अडीच लाख शुल्क व नोंदणींत, अडीच लाख शिल्लक. आणि ऋण २२ लाख. हप्ता १९,०९२ रुपये. सूनबाईच्या पगारांतून दरमहा ५ हजार अधिक भरल्यास तेंच वीस वर्षांचें ऋण बारा वर्षें व चार महिन्यांच्या आंत फिटतें. आणि ती घरीं राहिली, तर अधिकाचे पांच हजार बंद करावयाचे, हप्ता चुकत नाहीं.

पुतण्या क्षणभर हिरमुसला. पाहुणा आला तर निजेल कोठें, असें म्हणाला. वहिनी म्हणाल्या, “दिवाणखान्यांत निजेल. आपण नाहीं का निजलों ?” दुसऱ्या दिवशीं त्यानें बँकेस २२ लाखांचेंच लिहून दिलें.

देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं जन्मानेंच येतात. त्यांचें माप आपल्या हातीं नाहीं. घराचें ऋण मात्र आपण स्वतः सही करून घेतों. त्याचें माप बँकेच्या पत्रावरून न घेतां आपल्या घरच्या जमाखर्चाच्या वहीवरून घ्यावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.